युद्धाच्या डॉक्युमेंटरीतल्या शिव्या पब्लिक टीव्हीने बीप कराव्यात का? बीप मारणाऱ्याचं उत्तर

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं आहे: अमेरिकेत पीबीएसवर, म्हणजे तिथल्या पब्लिक टीव्हीवर, युद्धाची डॉक्युमेंटरी लागते, त्यात सैनिक शिव्या देतात, चॅनेल लोकांच्या पैशावर चालतं, घरात मुलं असतात, मग बीप मारला तर बिघडतं काय, कुठला शब्द ते मोठ्यांना तसंही कळतंच.

मी अमेरिकेतल्याच एका पब्लिक स्टेशनमध्ये वीसेक वर्षं साउंड एडिटिंग केलं, त्यातली बरीचशी डॉक्युमेंटरीच्या फायनल मिक्सवर गेली, म्हणजे बीप मारणारा हात माझाच. उत्तर आधीच सांगून टाकतो. लढाईच्या जागी रेकॉर्ड झालेल्या आवाजाला हात लावू नये, रात्री दहानंतर दाखवावं आणि आधी स्पष्ट सांगावं की यात काय आहे. मुलाखतीतल्या शिव्यांचं थोडं वेगळं आहे, त्यावर पुढे येतो. पण "बिघडतं काय" हा प्रश्न मला आवडला, कारण ते कुठे बिघडतं हे एडिटला बसल्याशिवाय दिसत नाही.

एक सीन सांगतो. इराकमधलं फुटेज, गाड्यांचा ताफा चाललाय, कॅमेरा मागच्या हम्वीत, म्हणजे लष्कराच्या जीपसारख्या गाडीत, आहे. पुढच्या गाडीखाली रस्त्यात पुरलेला बॉम्ब फुटतो, चित्र क्षणभर पांढरं होतं, आणि मग कॅमेऱ्याच्या शेजारी बसलेला एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, तो एफ-वर्ड म्हणतो. चाळीसेक सेकंदांत नऊ वेळा. दुसरा शब्दच नाही तोंडात. पहिला नुसता दचकून आलेला, पुढचे दोन पुढच्या गाडीत कोण बसलं होतं ते लक्षात आल्यावरचे, मग रेडिओवर हाका मारतोय आणि पलीकडून उत्तर येत नाही तेव्हाचे, आणि शेवटचा तर आवाजच नाही, नुसती हवा. तो सीन दुसऱ्या कुणाला समजावून सांगायचा तर एक पान लागेल, त्याने तो एका शब्दात सांगितला होता, फक्त सूर बदलत बदलत.

मी त्यावर नऊ बीप मारले. नेहमीचा एक हजार हर्ट्झचा टोन. ऑफिसातल्या दहा-बारा जणांना एडिट रूममध्ये दाखवलं तर चौथ्या की पाचव्या बीपला मागून कोणीतरी फिसकन हसलं. त्या माणसाचा दोष नाही, आपल्या कानांना बीप माहीत आहे तो रिॲलिटी शोमधल्या भांडणांमुळे आणि विनोदी कार्यक्रमांमुळे, बीप वाजला की इथे गंमत आहे असं कान आधीच धरून चालतो. एका मुलाचे मित्र जळतायत आणि खोलीत हसू येतंय. हे त्या शब्दाने झालं नसतं, बीपने झालं.

मग बीप काढून नुसतं म्यूट करून बघितलं. आता स्टुडिओत मुलाखत असेल तर म्यूट सोपं असतं, माणसाचा माईक वेगळा, खोलीची शांतता वेगळी रेकॉर्ड केलेली, शब्द काढला आणि खाली ती शांतता सरकवली की काम झालं. फील्डवर तसं नसतं. कॅमेऱ्यावरच्या एका माईकवर त्याचा आवाज, इंजिन, रेडिओची खरखर, गोळीबार सगळं एकाच ट्रॅकवर चिकटलेलं असतं. शब्द म्यूट केला की अर्धा सेकंद युद्धच बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद पडतं, बघणाऱ्याला वाटतं टीव्ही बिघडला. ते भोक बुजवायला मी काय केलं, तर वीस सेकंद आधीचा गोळीबाराचा तुकडा उचलला आणि तिथे चिकटवला. म्हणजे ज्या क्षणी तिथे गोळी सुटली नव्हती त्या क्षणी मी डॉक्युमेंटरीत गोळी वाजवली. एरवी हे कुणी केलं तर त्याला आम्ही दारात उभं करणार नाही, पण सभ्यतेसाठी केलं म्हणून कुणी काही बोललं नाही. मी पण नाही बोललो.

एवढ्यावर भागलं नाही. पीबीएसने २००६ मध्ये नियम कडक केले होते, अर्धा शब्द झाकून चालणार नाही, पूर्ण झाका, आणि ओठांवरून शब्द वाचता येत असेल तर तोंड ब्लर करा. टीव्हीवर तोंड ब्लर केलेला माणूस दिसला की आपल्याला काय वाटतं, एकतर आरोपी नाहीतर ओळख लपवणारा साक्षीदार. इथे तो होता स्वतःच्या देशाच्या गणवेशातला पोरगा. आणि एवढं सगळं करून झाल्यावर, प्रसारणाच्या आदल्या रात्री मास्टर कंट्रोलमधल्या, म्हणजे जिथून कार्यक्रम हवेत सोडतात तिथल्या, एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं की क्लोज्ड कॅप्शनची फाइल बाहेरून बनून आली होती आणि तिच्यात नऊच्या नऊ शब्द स्पेलिंगसकट जसेच्या तसे होते. ऐकू येणाऱ्यांसाठी सोवळं आणि न ऐकू येणाऱ्यांसाठी अख्खी आवृत्ती.

तर हे झालं बिघडतं काय. आता तरी असं का करतात, हे कळायला थोडा कायदा बघावा लागतो, कारण बहुतेकांना वाटतं की सरकारने शिव्यांवर बंदी घातली आहे आणि चॅनेल ती पाळतं. तसं सरळ नाही ते.

न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनने १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये भर दुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचा शिव्यांवरचा मोनोलॉग वाजवला, एकाने तक्रार केली, आणि ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ मध्ये कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने सांगितलं की एफसीसी, म्हणजे तिथलं प्रसारणाचं नियामक मंडळ, असल्या मजकुरावर कारवाई करू शकतं कारण रेडिओ-टीव्ही घरात आपोआप शिरतो आणि मुलांच्या कानावर पडतो. पुढे १९९५ मध्ये वेळेची रेघ पक्की झाली, रात्री १० ते सकाळी ६ मोकळं, बाकी वेळी जपून. हे फक्त अँटेनावर पकडता येणाऱ्या स्टेशनना लागू. केबलला नाही, सॅटेलाइटला नाही, इंटरनेटला तर अजिबातच नाही. म्हणून जो माहितीपट मी रक्त आटवून स्वच्छ करायचो तोच त्याच रात्री आमच्याच वेबसाइटवर न कापलेला ठेवायला कायद्याची काही आडकाठी नसायची.

इथपर्यंत ठीक होतं, एखादा शब्द चुकून गेला तर एफसीसी दुर्लक्ष करायचं. मग २००३ च्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांच्या थेट प्रक्षेपणात यू-टू बँडचा गायक बोनो आनंदाच्या भरात एफ-वर्ड बोलून गेला, २००४ च्या १ फेब्रुवारीला सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनची छाती क्षणभर उघडी पडण्याचा तो प्रकार झाला, आणि मार्चमध्ये एफसीसीने जाहीर केलं की यापुढे एकदाच आलेला शब्दसुद्धा कारवाईला पात्र. २००६ च्या जूनमध्ये नवा कायदा आला आणि एका उल्लंघनाचा कमाल दंड ३२,५०० डॉलरवरून एकदम ३,२५,००० डॉलरवर गेला. दहापट. मोठ्या नेटवर्कला हा चहापाण्याचा खर्च, एखाद्या कॉलेजच्या आवारातून चालणाऱ्या पब्लिक स्टेशनला म्हणजे चार-पाच माणसांचे वर्षाचे पगार.

आणि इथे पब्लिक टीव्हीची खरी गोची आहे, जी बाहेरच्यांना माहीत नसते. लायसन्स पीबीएसकडे नसतं. पीबीएस कार्यक्रम वाटतं, लायसन्स असतं देशभरातल्या साडेतीनशेच्या आसपास सदस्य स्टेशनांकडे, त्यामुळे दंड झाला तर तो त्या त्या स्टेशनला होणार. २००५ च्या फेब्रुवारीत पीबीएसच्याच फ्रंटलाइन या माहितीपट मालिकेचा बगदादमधल्या सैनिकांवरचा एक भाग आला तेव्हा पीबीएसने काय केलं, तर सगळ्यांना शिव्या काढलेली आवृत्ती पाठवली, आणि ज्यांना मूळ हवी त्यांनी जबाबदारी आमची अशी सही करून ती घ्यावी असं सांगितलं. आता कुठल्या छोट्या स्टेशनचा मॅनेजर अशी सही करील? संपादकाचा निर्णय अशा रीतीने साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाच्या टेबलावर जाऊन पडतो. तो बिचारा सीन बघतच नाही, वकिलाला फोन करतो, आणि वकील काय सांगणार.

बरं, नियम तरी सरळ असावा ना. २००४ च्या ११ नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या दिवशी, एबीसी नेटवर्कने सेव्हिंग प्रायव्हेट रायन हा युद्धपट न कापता दाखवायचं ठरवलं तर त्याच्या ६६ स्टेशननी भीतीने दाखवलाच नाही, आणि नंतर एफसीसीने सांगितलं की त्यातल्या शिव्या चालतात, त्या काढल्या तर चित्रपटाचा खरेपणाच जाईल. वा. मग २००६ मध्ये त्याच एफसीसीने कॅलिफोर्नियातल्या सॅन माटेओच्या केसीएसएम या कॉलेजच्या पब्लिक स्टेशनवर १५,००० डॉलरचा दंड काढला, कशासाठी, तर मार्टिन स्कॉर्सेझी ज्याचा कार्यकारी निर्माता होता त्या ब्लूज संगीतावरच्या माहितीपट मालिकेतल्या एका भागात खरी माणसं त्यांच्या खऱ्या भाषेत बोलली म्हणून. म्हणजे लेखकाने लिहून दिलेली आणि नटाने पाठ करून म्हटलेली शिवी खरी, आणि खऱ्या माणसाच्या तोंडून सहज निघालेली टाळता आली असती. मी हे त्यावेळी ऑफिसात चारदा वाचलं होतं, माझंच काही चुकतंय का म्हणून. पुढे २०१० मध्ये अपील कोर्टानेही याच विसंगतीवर बोट ठेवलं.

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यावरचं उदाहरण तर अजून गमतीचं. न्यूयॉर्कच्या अग्निशमन जवानांसोबत त्या दिवशी आत असलेल्या दोन फ्रेंच भावांचं चित्रण, सीबीएस नेटवर्कने मार्च २००२ मध्ये दाखवलं, जवान शिव्या देतायत, इमारती कोसळतायत, काही झालं नाही. तीच फिल्म २००६ मध्ये पुन्हा लावायची वेळ आली तर काही स्टेशन मागे हटली, काहींनी रात्री उशिरा ढकलली. फिल्म तीच आणि शब्दही तेच होते, फक्त मधल्या चार वर्षांत लोकांची टरकली होती. २००७ मध्ये पीबीएसवर माहितीपटकार केन बर्न्सची दुसऱ्या महायुद्धावरची मालिका आली, सात भाग, जवळपास पंधरा तास, त्यात मोजून चार शिव्या, आणि त्यातला एफ-वर्ड आला तो स्नाफू आणि फुबार ही सैनिकांची लघुरूपं फोडून सांगताना, म्हणजे जवळजवळ शब्दकोशातली नोंद म्हणा ना. त्यासाठीसुद्धा दोन आवृत्त्या निघाल्या.

२०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेटवर्कच्या बाजूने निकाल दिला पण तो एवढ्यापुरताच, की नियम बदलल्याची तुम्ही आधी नीट सूचना दिली नव्हती. मूळ प्रश्नाला हात घातला नाही. १९७८ चा निकाल अजून उभाच आहे. एफसीसी त्यानंतर बरंच नरमलं, पण तक्रार पडून राहिली की लायसन्सचं नूतनीकरण अडकतं हा अनुभव ज्यांनी घेतलाय ते ताक फुंकूनच पिणार.

आता मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते. एफसीसीच्या व्याख्येत अश्लील म्हणजे काय, तर लैंगिक किंवा मलमूत्राशी संबंधित अवयव आणि क्रिया यांचं समाजाला किळस येईल असं वर्णन. बस. या चाळणीतून युद्धाची भाषा गाळून बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाने जपान्यांना जॅप म्हटलं, चालतं. व्हिएतनाममधल्याने गूक म्हटलं, रात्री आठला चालतं. इराकमधला समोरच्या प्रत्येक माणसाला तुच्छतेने हाजी म्हणतोय, चालतं. माणसाला माणसातून उठवणारे शब्द, ज्यांच्यामुळे गोळी झाडणं सोपं होतं, ते एकही या नियमात बसत नाहीत, आणि प्रेतं तर बसतच नाहीत. मी एका फिल्मवर बसलो होतो ज्यात एका मिनिटात तीनदा असा वंशवाचक शब्द होता आणि शेवटी "होली शिट" होतं. स्टँडर्ड्सकडून, म्हणजे काय चालेल ते तपासणाऱ्या विभागाकडून, चिठ्ठी आली ती फक्त शेवटच्यासाठी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझं म्हणणं असं नाही की मग तेही बीप करा, अजिबात नाही, ते तर ऐकूच यायला हवेत. पण मुलांना वाचवतोय म्हणून सांगायचं आणि हे तसंच सोडायचं, तर नक्की कशापासून वाचवतोय हे एकदा बोलायला हवं.

दुसरी बाजू मी हसण्यावारी नेत नाही. पालकांचा एक मुद्दा खरंच वजनदार आहे आणि तो आमच्या लोकांना आवडत नाही: पीबीएस हे असं चॅनेल आहे जे आईबाप न बघता लावून ठेवतात, कारण दिवसभर तिथे लहान मुलांचे कार्यक्रम असतात. हा विश्वास कमवायला पन्नास वर्षं लागली. त्या चॅनेलवर नऊ वाजता अचानक हम्वीतला आवाज आला तर फसवल्यासारखं वाटणारच. रेटिंग बघून कार्यक्रम अडवणारी व्ही-चिप जवळपास प्रत्येक टीव्हीत आहे, फक्त मोठ्यांसाठीचं टीव्ही-एमए रेटिंग आणि भाषेसाठीचं एल अक्षर कोपऱ्यात येतं, पण ते सेट करणारा पालक मला तरी क्वचितच भेटला.

म्हणून वेळ पाळा. आणि वेळ म्हणजे प्रेक्षकाच्या घड्याळातली, हे लिहून ठेवा, कारण पूर्व किनाऱ्यावर रात्री दहा वाजतात तेव्हा शिकागोत नऊच वाजलेले असतात, आणि मधल्या पट्ट्यातल्या स्टेशनने फीड आला तसा सोडला तर ते मोकळ्या वेळेच्या बाहेर पडतं. तासभर रेकॉर्ड करून उशिरा लावायचं, इतकं साधं आहे, पण वेळापत्रक बनवणारा पूर्वेकडे बसलेला असतो.

मुलाखतींचं वेगळं का म्हणालो ते सांगतो. लढाईतला माणूस आपल्याशी बोलत नसतो, कॅमेरा आहे हेच त्याच्या डोक्यात नसतं, त्यामुळे तिथे कापणं म्हणजे घडलेलं बदलणं. मुलाखतीतला माणूस साठ वर्षांनी, आपल्या बैठकीत बसून, आपल्याला सांगत असतो, आणि त्याला स्वतःचं मत असतं. एकदा ऐंशी पार केलेल्या एका माजी सैनिकाने रेकॉर्डिंग संपल्यावर निघता निघता आम्हाला थांबवलं. किनाऱ्यावर उतरतानाची हकीकत सांगताना तो एक शब्द बोलून गेला होता. म्हणाला तो काढा, मी घरात कधी असं बोललो नाही, नातवंडं बघतील. दिग्दर्शक हळहळला कारण तोच सगळ्यात जिवंत तुकडा होता. आम्ही काढला. तो सेन्सॉर मला मान्य आहे, शब्द त्याचा होता. हम्वीतल्या पोराला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचे ते नऊ शब्द ठेवावेत का हेही कुणी विचारलं नव्हतं.

पैशाचा मुद्दा राहिला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पब्लिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, त्यामुळे "आमच्या करातून चालतं" हा युक्तिवाद निदान केंद्राच्या पातळीवर बराच सैल झालाय. पण त्याने स्टेशन धीट होतील असं समजू नका, उलट होईल. लायसन्स तेच आहे, कायदा तोच आहे, आणि वकिलाला द्यायला पैसे कमी आहेत.

तेव्हा उद्या माझ्या हातात असतं तर मूळ आवृत्ती हीच पहिली आवृत्ती, दहानंतर. स्वच्छ आवृत्ती काढावी लागलीच तर संध्याकाळच्या वेळेसाठी वेगळी काढावी, आणि ती दिग्दर्शकाने स्वतः कापावी, बीपने भरू नये. नऊ शब्द बीप करण्यापेक्षा तो चाळीस सेकंदांचा तुकडाच काढा आणि तिथे निवेदकाला एक वाक्य द्या, निदान कोणी हसणार तरी नाही. तोंड ब्लर करू नका, कॅमेरा फिरलेला दुसरा शॉट टाका, बहुतेक वेळा असतो. शाळांना द्यायची प्रत तिसरी, तिथे शिक्षकाला आधी बघू द्या.

आणि एक अगदी धंद्यातलं. दोन आवृत्त्या असल्या की फाइलची नावं शेवटच्या एका अक्षराने वेगळी ठेवू नका. आमच्याकडे एकदा रात्री नऊच्या स्लॉटला मूळ फाइल गेली, पहिली शिवी वाजली तेव्हा मास्टर कंट्रोलवाल्याच्या हातात सँडविच होतं. त्याने सवयीने फोनकडे बघितलं, आम्ही सगळे फोनकडेच बघत बसलो होतो. रात्रभरात दोन फोन आले. एकाने विचारलं हा कार्यक्रम पुन्हा कधी लागणार, आणि दुसऱ्याची तक्रार होती की निवेदकाचा आवाज बंदुकांच्या आवाजात दबतोय. दुसऱ्याचं बरोबर होतं, मिक्स माझाच होता.